माझ्या पोटातले सोमवार ते शनिवार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. ‘जुना’ हा शब्द मी स्वतःच वापरून टाकतो, कारण दुसऱ्या कुणी वापरला की त्याच्या पाठोपाठ ‘भंगार’ येतो. मी नाशिक रोडला राहतो. स्टेशनपासून पंधरा मिनिटांवरच्या एका कॉलनीत, पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे मला इथून ऐकू येतात. घरात लताबाई आणि मी. तिसरं कुणी नाही.

माझा जन्म शहरातल्या एका छोट्या दुकानात झाला. जन्म म्हणजे काय, जुळणी. डबा एकीकडचा, पंखा दुसरीकडचा, डोकं समुद्रापलीकडचं. रविराज नावाच्या जुळणीवाल्याने चहाचे घोट घेत मला सगळीकडून पिळून घट्ट केलं आणि पाठीवर एक चापट मारली. मी घरघरलो. “चालतंय!” तो म्हणाला. आयुष्यात माझं पहिलं कौतुक झालं ते हेच, आणि मी ते अजून जपून ठेवलं आहे.

मला घरी आणलं देवराम गुरुजींनी. गुरुजी सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेत बावीस वर्षं शिक्षक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. लताबाई, त्यांच्या पत्नी, नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापलेले कागद तपासायच्या कामाला. नोकरी सुटेना आणि मुलीची शाळाही इथेच, म्हणून त्या इथे आणि गुरुजी तिथे असा बावीस वर्षांचा संसार. सोमवारी उजाडता गुरुजी एसटी पकडायचे, पुढे जीपला लोंबकळत शाळा गाठायचे, आणि शनिवारी दिवेलागणीला परत यायचे. “कसा गेला आठवडा?” असं लताबाईंनी विचारलं की उत्तर ठरलेलं: “बरा गेला.” गुरुजींनी विचारलं तर लताबाईंचंही तेच. कुरकुर करायची पद्धतच त्या घरात नव्हती.

लताबाईंनी मला हळदकुंकू लावलं. त्यातले कुंकवाचे चार कण माझ्या पंख्यात ओढले गेले, ते अजून आत आहेत. मग माझे भरभराटीचे दिवस आले. बारावीचा निकाल असला की अख्खी बिल्डिंग माझ्यासमोर श्वास रोखून उभी. कुणाला सातबारा बघायचा असे, कुणाला गाडीचं आरक्षण. दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडे आणि मी तिच्यामुळे शिंकत बसे. लताबाईंनी मला झालरीची खोळ शिवली होती. एवढे लाड झाल्यावर कोण शेफारणार नाही?

आता माझ्या भाडेकरूंविषयी सांगतो. मित्रांनो, मी म्हणजे नुसता डबा, घर. आत राहून घर चालवते ती ऑपरेटिंग सिस्टिम. घर तेच असतं, भाडेकरू बदलतात. माझा पहिला भाडेकरू विंडोज एक्सपी. मनमिळाऊ स्वभाव, कुणालाही पाच मिनिटांत आपलासा वाटे. पण दारं सताड उघडी टाकायची खोड. कुणाचा पेनड्राइव्ह आला की त्याबरोबर व्हायरस घरात शिरलेच. दुसरा आला विंडोज सेव्हन. टापटिपीचा, काचेच्या भांड्यांचा शौकीन, जरा जास्त खाणारा. पुढे कंपनीने त्याच्याकडे लक्ष देणं बंद केलं, पण गुरुजींनी त्याला बाहेर काढलं नाही. “म्हाताऱ्या माणसाला घर सोडायला सांगू नये,” असं ते म्हणायचे.

सेव्हनच्या काळात गुरुजी दोन बोटांनी टाइप करायला शिकले. मराठी लिहायला रविराजने त्यांना एका फॉन्टची सीडी दिली होती. त्या काळच्या अशा फॉन्टची गंमत तुम्हा मुलांना ठाऊक नसेल. माझ्या पोटात साठायची ती इंग्रजी अक्षरंच; फॉन्ट त्यांच्या चेहऱ्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवायचा. मुखवटा आहे तोवर सगळं मराठी. मुखवटा गेला की खाली इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची खूण, सगळा गोंधळ. पण मुखवटा जाईल असं तेव्हा कुणाच्या मनात यायचं कारण नव्हतं.

गुरुजी माझ्यात काय लिहीत होते? ते आपले डोंगरातले वार आठवून लिहीत होते, आजच घडल्यासारखे. प्रत्येक पानावर ठळक अक्षरात एक वार, आणि खाली त्या दिवशी काय झालं ते. ‘सोमवार. जीप घाटात बंद पडली. सगळ्यांनी ढकलली. लताने दिलेली दशमी ड्रायव्हरला दिली.’ ‘बुधवार. गोटीराम शेतातली नागली काढायला घरी पळाला होता, आज आला. माझ्यासाठी भाकरी आणली. त्याला मारायचं ठरवलं होतं, भाकरी खाल्ली.’ ‘गुरुवार. आज भात करपला. लता असती तर हसली असती. मीच हसून घेतलं.’ अशी दोनशे एक्याऐंशी पानं. रविवारचं पान एकही नाही, कारण रविवारी ते घरी असत.

“तुझ्यासाठीच लिहितोय,” ते लताबाईंना म्हणायचे. “पण पुरं झाल्याशिवाय बघायचं नाही.” ते पुरं झालं नाही. तीन वर्षांपूर्वी श्रावणात गुरुजी गेले.

त्यानंतर दोन वर्षं मला कुणी चालू केलं नाही. बिल्डिंगमधल्या लोकांच्या हातात मोबाइल आले होते, निकालाला कुणी येईना. खोळीखाली अंधारात मी पडून असे आणि लताबाई कोरड्या फडक्याने खोळ वरूनच पुसत. एकटेपण म्हणजे काय, हे मी तेव्हा शिकलो. आपल्या पोटात कुणाचा तरी जीव सांभाळून ठेवलेला असतो, आणि मागायला कुणी येत नाही.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर लताबाईंनी खोळ काढली. आता त्याही निवृत्त, वय अडुसष्ट. बटण दाबलं आणि पहिलं पान उघडलं. त्या दिवशी सोमवार होता, हा योगायोग नव्हे. त्या सोमवारची वाट बघत थांबल्या होत्या. नेम केला की सोमवारचं पान सोमवारी, मंगळवारचं मंगळवारी, दिवसाला एकच. बावीस वर्षं जे आठवडे त्यांना मिळाले नव्हते, ते त्या आता एकेक करून घेणार होत्या. पहिलं पान तर इतक्यांदा वाचलं की तोंडपाठ झालं. पण नेम काही टिकला नाही. एका बैठकीत तीन-तीन पानं व्हायला लागली, आणि दिवाळीपर्यंत अठ्ठेचाळीस झाली. त्या रोज माझ्यापाशी बसत होत्या, आणि मी इतका सुखी कधीच नव्हतो.

दिवाळीला लेक स्नेहल आणि जावई महेश गंगापूर रोडहून आले. जावई संगणकातला जाणकार, एका कारखान्यातले सगळे संगणक त्याच्याच हाताखाली. माणूस खरोखर चांगला. त्याने मला उघडलं, धूळ काढली, कपाळाला हात लावला.

“आई, हा विंडोज फार जुना झाला. कुलूप गंजलंय म्हणा ना. कुणीही आत शिरेल.”

“मग काय करायचं, महेशराव?”

महेशने फराळाचं ताट बाजूला सारलं आणि शिकवणीच सुरू केली. “तीन वाटा आहेत. एक, नवा विंडोज. सगळ्यांना येतो, कुठेही अडलं तरी सांगणारा भेटतो. पण तो या डब्यात मावणार नाही, नवा डबा घ्यावा लागेल. दुसरी, स्नेहलच्या लॅपटॉपसारखं ॲपल. देखणं, सुरळीत, निगुतीचं. पण ते आपल्याच घरात राहतं, दुसऱ्याच्या डब्यात येत नाही. तिसरी, लिनक्स. फुकट आहे, हलका आहे, जुन्या यंत्रातही पळतो, व्हायरसचा त्रास नसल्यातच जमा. थोडी सवय करावी लागते, काही ओळखीचे प्रोग्राम मिळत नाहीत, एवढंच.”

“वापरणाऱ्याचं काम काय आहे, त्यावर असतं ना पण?” लताबाईंनी बरोब्बर प्रश्न विचारला. शिकलेल्या माणसांनाही तो पुष्कळदा सुचत नाही.

“आईला काय लागतं?” स्नेहल चकलीचा तुकडा मोडत म्हणाली. “भजनं ऐकायची, माझ्याशी व्हिडिओवर बोलायचं. लिनक्स भरपूर झाला.”

लताबाईंनी तोंड उघडलं होतं. मिटलं. गुरुजींची पानं त्यांनी अजून लेकीलाही दाखवली नव्हती. ती त्यांची एकटीची होती. महेशने सगळ्या फायली पेनड्राइव्हवर नीट उतरवून घेतल्या, मला धुऊनपुसून लख्ख केलं, नवा भाडेकरू बसवला आणि फायली जागच्या जागी परत ठेवल्या. एकही हरवली नाही. राहिला तो फक्त फॉन्ट, कारण तो फायलींत नसतो, जुन्या भाडेकरूच्या सामानात असतो. ते सामान भाडेकरूबरोबरच गेलं.

लिनक्सबद्दल वाईट बोलणार नाही. गुणी भाडेकरू आहे. पूर्वी मी चालू होईपर्यंत चहा उकळून खाली यायचा. आता आधण येण्याआधी मी तयार असतो. अंगात दहा वर्षांपूर्वीचं बळ आलं. पण मंगळवारी पाहुणे गेले, लताबाईंनी एकोणपन्नासावं पान उघडलं, आणि पडद्यावर गुरुजी नव्हते. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, उलटी-सुलटी चिन्हं. त्यांनी चष्मा पुसला. दुसरं पान उघडलं, दहावं उघडलं, पहिलं उघडलं. सगळीकडे तेच.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, सगळं इथेच आहे हो! एक अक्षरही मी सांडलेलं नाही! पण आम्हा यंत्रांना कुणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

संध्याकाळी महेशचा फोन आला. “आई, कसा चाललाय?”

“लय छान,” लताबाई म्हणाल्या. “भराभर चालू होतो.”

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, दोन शब्द सांगितले असते तर काय बिघडलं असतं? तुम्हाला ते घर ठाऊक नाही. जावयाने दिवाळीचा दिवस मोडून, घामाघूम होऊन केलेलं काम. त्याला नाव ठेवायचं म्हणजे लेकीच्या सासरपर्यंत गोष्ट जाणार, असं त्या पिढीच्या बायकांच्या रक्तातच असतं. शेजारच्या छायाताईंजवळ एकदा बोलल्या, “सांगू कसं गं? जावयाला चूक दाखवायची नसती. आणि माझ्याच हातून काही बिघडलं असलं म्हंजे?” आपल्यालाच येत नसणार, ही एक शंका म्हाताऱ्या माणसांचा फार छळ करते.

महिनाभर त्या नुसत्या समोर बसत. पान उघडायचं, बघायचं, बंद करायचं. रोजचा हा दहा मिनिटांचा दुखवटा. मला माझ्या नव्या बळाची लाज वाटायची.

पण लताबाईंनी प्रेसमध्ये तीस वर्षं काढली होती. हजार सारख्या कागदांतला एक वेगळा कागद त्यांचा डोळा पकडायचा. एका दुपारी त्या पडद्यावर झुकल्या. पहिल्या सहा पानांचे मथळे त्यांनी एकाखाली एक वहीत उतरवले. प्रत्येकाच्या शेवटी तीच तीन इंग्रजी अक्षरं होती. लताबाईंची पेन्सिल थांबली. सोमवार, मंगळवार, बुधवार. शेवटी काय येतं? वार!

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. सहा वारांच्या नावांनी त्यांना स दिला, म दिला, ग, ळ, ब, ध, न, काना आणि उकार दिला. तोंडपाठ असलेल्या पहिल्या पानाने आणखी वीस दिले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी तक्ता मांडला, डावीकडे चिन्ह, उजवीकडे मराठी अक्षर. चुकायचं, खोडायचं, परत मांडायचं. हिवाळा त्यात गेला. आणि मग एक लहानसा शब्द त्यांना जवळजवळ प्रत्येक पानावर दिसायला लागला, शेवटी काना असलेला. तक्त्यावर बोट ठेवून त्यांनी तो लावला. तो शब्द होता ‘लता’. त्या दिवशी त्यांनी दुपारचं जेवण केलं नाही.

संक्रांतीनंतर त्या एकोणपन्नासाव्या पानाला लागल्या. एका पानाला आठवडा, कधी दहा दिवस. एखादी ओळ लागली की मोठ्याने म्हणायच्या, मग खिडकीबाहेर बघत बसायच्या. फोनवर उत्तर तेच, छान चाललंय. या खटपटीचा साक्षीदार जगात एकटा मी.

यंदा धोंड्याचा महिना आला. जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, वाण द्यायचं. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. महेश आणि स्नेहल आले, जेवण झालं, महेश आतल्या खोलीत लवंडला, स्नेहल भांडी आवरायला लागली. लताबाईंना वाटलं, जावई झोपले. सवयीने माझ्यापाशी आल्या आणि हळू आवाजात वाचू लागल्या, “सोमवार. आज मुलांनी नदीवर नेलं. मासे... मासे मिळाले नाहीत. गोटीराम म्हणाला, गुरुजी, तुम्ही आवाज...”

“आई,” मागून महेश म्हणाला. “तुम्ही हे काय वाचताय?”

लताबाई दचकल्या. “काही नाही, यांचं लिहिलेलं.”

महेश पडद्याकडे बघत राहिला. मग कॅलेंडरच्या तक्त्याकडे. मग परत पडद्याकडे. त्याला सगळं कळलं.

“दिवाळीपासून असं दिसतंय?”

“तुमची काही चूक नाही, महेशराव. पळतो चांगला.”

“आई, एक फोन करायचा होता! मी पाच मिनिटांत...” त्याने टेबलाचे खण उपसले, गुरुजींची सीडी शोधली, माझा सीडीचा कप्पा कुरकुरत उघडला. पाच मिनिटंही लागली नाहीत. पडद्यावरची अक्षरं एकदम बदलली, आणि एकसष्टाव्या पानावर स्वच्छ मराठीत उमटलं: ‘गोटीराम म्हणाला, गुरुजी, तुम्ही आवाज फार करता. मासे पळतात.’

स्नेहल ओल्या हातांनी मागे येऊन उभी होती. वडिलांचं लिहिणं तिने पहिल्यांदा पाहिलं, आणि पदरासारखा दुपट्टा तोंडाला लावला. महेशने डोळे पुसले. मी तर आनंदाने घरघरत होतो.

लताबाईंनी मात्र पुढचं पान उघडलं, डोळे झरझर फिरले. त्याच्या पुढचं उघडलं. मग हात एकदम मागे घेतला, चटका बसल्यासारखा.

“महेशराव,” त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. “राग नका मानू. एक सांगू का? हे काढता येईल का परत?”

“काय काढायचं?”

“हे मराठी. होतं तसं करा.” त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “दोनशेवीस पानं राहिलीत. असं दिसायला लागलं तर मी पंधरा दिवसांत संपवून टाकीन. फराळाचा डबा उघडा असला की हात आवरत नाही माझा. तसं कठीण होतं, तर एक पान आठवडाभर पुरायचं. आठवडाभर ते माझ्यापाशी असायचे. हिशेब केलाय मी. चार-पाच वर्षं सहज जातील. पुढचं पुढं.”

खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता.

महेशने खुर्ची ओढली आणि सासूबाईंच्या शेजारी बसला. “नक्की काढू?” त्याने विचारलं. एवढ्या वर्षांत माझ्यावर हात ठेवण्याआधी त्याने पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं होतं.

“काढा.”

त्याने फॉन्ट काढला. गुरुजी पुन्हा कंसांच्या आणि टक्क्यांच्या मागे गेले. सीडी त्याने लताबाईंच्याच हातात दिली. “कंटाळा आला, डोळे दुखले, तर सांगाल ना मला?”

“सांगेन,” लताबाई म्हणाल्या, आणि तक्ता जवळ ओढून राहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. त्या दिवशी महेश सांजपर्यंत तिथेच बसून होता. त्याला एक अक्षरही लागत नव्हतं. त्या वाचत होत्या, तो ऐकत होता.

तर मित्रांनो, कोणती सिस्टिम चांगली, हे मला विचारू नका. माझ्या पोटात राहिलेले तिन्ही भाडेकरू आपापल्या जागी चांगले. माझं आयुष्य आता फार उरलेलं नाही. पंखा थकला आहे, आणि दोनशेवीस पानं माझ्याच्याने पुरी होतील का, या काळजीने कधी कधी मी उगाच तापतो. मला स्वच्छ ठेवा, वर्षातून एकदा धूळ झटका, माझ्या पोटातल्याची एक प्रत दुसरीकडे जपून ठेवा, एवढं मागणं आहेच. पण खरं मागणं वेगळं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची कुठलीही वस्तू नवी करायला घ्याल, तेव्हा आधी त्यांनाच विचारा, की यात तुमचं काय आहे? आणि “काही नाही रे, कर तुला हवं ते,” असं पटकन उत्तर आलं, तर हातातलं काम खाली ठेवा आणि त्यांच्याजवळ थोडा वेळ बसून राहा.